मर्तिकाची व्यवस्था: डॉक्टरांच्या सहीपासून सातबाऱ्यावरील नोंदीपर्यंत

घरात मृत्यू झाला की सर्वांत आधी दोन माणसे नेमावीत. एकाने जवळच्या माणसांपाशी बसून राहावे आणि दुसऱ्याने वही, पेन व सुट्या नोटा घेऊन बाकीचे सगळे अंगावर घ्यावे. हे दुसरे काम मुलाने, मुलीने किंवा पत्नीने करू नये. शेजारी, भाचा किंवा जावई ही माणसे त्यासाठी योग्य असतात. जावयाची विशेष सोय अशी, की त्याला कोणी अडवत नाही आणि त्यालाही कशाला नाही म्हणता येत नाही. पुढे जिथे ‘वहीवाला’ असा उल्लेख येईल तिथे हाच माणूस समजावा.

पुण्याच्या मध्यवस्तीत अशा वेळी मदतीला जाणाऱ्या मंडळींबरोबर राहून जे पाहिले आणि हाताने केले, त्यावर हा लेख आधारलेला आहे. विधींचा भाग मुख्यतः हिंदू घरांतील दहनाचा आहे. कागदपत्रांचा भाग मात्र दफन करणाऱ्यांनाही जवळपास तसाच लागू पडतो. या कामात हसण्याचे प्रसंग येतात आणि ते दडपण्याचे कारण नाही. माझा अनुभव असा, की कामांची वाटणी नीट झालेल्या घरातच माणसांना हसू फुटते. जिथे कोणी काय करायचे हेच ठरलेले नसते, तिथे हसू येत नाही, भांडणे होतात. फक्त एक पथ्य पाळावे: पहिला विनोद घरातल्या माणसाचा असावा, मदतीला आलेल्याचा नसावा.

डॉक्टर आणि पहिला कागद

मृत्यू रुग्णालयात झाला असेल, तर मृत्यूच्या वैद्यकीय कारणाचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ४, रुग्णालयच देते आणि निबंधकाला मृत्यू कळवण्याची जबाबदारीही रुग्णालयाचीच असते. मृत्यू घरी झाला असेल, तर शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरांचे उपचार चालू होते त्यांना बोलवावे. ते तपासून नमुना ४-अ भरून देतात. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार या प्रमाणपत्राचे शुल्क घेता येत नाही. घरी येण्याची व्हिजिट फी ही वेगळी बाब आहे आणि रात्री दोन वाजता जिने चढून आलेल्या डॉक्टरांना ती न कुरकुरता द्यावी.

खरी अडचण होते ती ठणठणीत म्हाताऱ्यांच्या बाबतीत. नव्वदीचे आजोबा झोपेत जातात, त्यांनी गेल्या कित्येक वर्षांत दवाखान्याची पायरी चढलेली नसते, आणि त्यामुळे त्यांना ओळखणारा एकही डॉक्टर गावात नसतो. अनोळखी डॉक्टर सही द्यायला तयार होत नाहीत, आणि त्यांच्या बाजूने ते योग्यच आहे. अशा वेळी ओळखीपाळखीने दबाव आणण्यापेक्षा महापालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात कळवून ते सांगतील तसे करावे. ज्यांच्या घरी असे धडधाकट वृद्ध आहेत त्यांनी वर्षातून निदान एकदा त्यांना फॅमिली डॉक्टरांकडे नेऊन आणावे. रक्तदाब मोजून झाला की त्या केसपेपरवरची तारीख पुढे मोलाची ठरते.

अपघात, आत्महत्या, भाजणे, विषबाधा, सर्पदंश, जिन्यावरून पडून डोक्याला लागलेला मार, अशा कोणत्याही कारणाने मृत्यू झाला असेल तर पोलिसांना कळवल्याशिवाय शरीर हलवू नये. पोलीस ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद करतात, पंचनामा करतात आणि बहुतेक वेळा शवविच्छेदनासाठी पाठवतात. पूर्वी ही कारवाई फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. पुरेशी सोय असलेल्या रुग्णालयांना सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करण्याची मुभा केंद्र सरकारने २०२१ मध्ये दिली, तरी खून, आत्महत्या किंवा संशयास्पद प्रकरणांत एरवी सकाळपर्यंत थांबावे लागते. हे गृहीत धरूनच नातेवाइकांना वेळ कळवावी. वहीवाल्याने पोलीस ठाणे, नोंद क्रमांक आणि तपास करणाऱ्या अंमलदाराचा मोबाइल क्रमांक लिहून ठेवावा, कारण विम्याच्या दाव्याच्या वेळी पंचनाम्याची आणि शवविच्छेदन अहवालाची प्रत हमखास मागितली जाते.

रुग्णालयाच्या बिलाचा वाद असला तरी त्यासाठी पार्थिव अडवून ठेवता येत नाही, असे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेली रुग्णहक्कांची सनद सांगते. हे शांतपणे, पण लेखी सांगावे. बिलावरची हुज्जत वहीवाल्याने घालावी, मुलाने नव्हे.

पहिल्या दोन तासांत

मृत्यूनंतर जबडा दोन ते चार तासांत ताठर होऊ लागतो आणि सुमारे बारा तासांत सगळे शरीर ताठरते. म्हणून डोळे मिटणे, कवळी बसवणे, हनुवटीखालून डोक्यावर कापड बांधून तोंड मिटणे, हातपाय सरळ करणे आणि पायांचे अंगठे एकमेकांना बांधणे ही कामे रडारड ओसरण्याची वाट न पाहता लगेच उरकावीत. अंगठी निघत नसेल तर साबणाचे पाणी लावावे. दागिन्यांची यादी वहीत लिहून ती घरातल्या एका बाईच्या ताब्यात, दुसऱ्या एकीच्या समक्ष द्यावी. चौथ्या दिवशी बांगडीवरून होणारे मनस्ताप एवढ्यानेच टळतात.

कवळीचा विषय थोडा सविस्तर सांगण्यासारखा आहे. तिच्यावाचून चेहरा ओळखू येत नाही, म्हणून सगळे घर तिला शोधू लागते. ती रात्री पाण्याच्या पेल्यात ठेवलेली असते आणि मदतीला आलेल्या एखाद्या उत्साही मावशींनी पहिल्या पंधरा मिनिटांतच ओट्यावरची सगळी भांडी विसळून पालथी घातलेली असतात. कवळी मग मोरीच्या जाळीवर, चहाच्या गाळणीत किंवा निर्माल्याच्या पिशवीत सापडते. सापडल्यावर हुंदके देणारे घर एकदम हसू लागते, आणि तो हशा बाहेरच्या खोलीतल्या मंडळींना कळत नाही. म्हणून ओट्याला हात लावण्यापूर्वी घरातल्या कोणाला तरी विचारावे, ही सूचना मी प्रत्येक ठिकाणी देतो.

छातीत पेसमेकर बसवलेला असेल तर तो दहनापूर्वी काढून घेणे अत्यावश्यक आहे. त्यातील बॅटरी उष्णतेने फुटते आणि दाहिनीचे नुकसान होते, कर्मचाऱ्यांना इजाही होऊ शकते. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर तिथेच विनंती करावी, घरी झाला असेल तर डॉक्टर येतील तेव्हाच हा विषय काढावा.

मुलगा परदेशातून किंवा मुलगी दुसऱ्या राज्यातून यायची असेल तर शवपेटी मागवावी लागते. ही वातानुकूलित पेटी अनेक गणेश मंडळे आणि नगरसेवकांची संपर्क कार्यालये मोफत देतात. पेटी घरात आणण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: ती जिन्याच्या वळणावर फिरेल का, जिथे ठेवायची तिथपर्यंत वायर पोहोचेल का, आणि सॉकेट त्या भाराचे आहे का. मिक्सरच्या एक्स्टेंशनवर पेटी चालवू नये. पेटीच्या काचेवर देणाऱ्याचे नाव व हसरा फोटो मोठ्या आकारात चिकटवलेला असतो. दर्शनाला येणारा नेमका त्या बाजूने वाकला, तर त्याला नमस्कार कोणाला करतो आहोत असा क्षणभर प्रश्न पडतो. फुलांची चादर त्या बाजूला थोडी खाली सोडली की काम भागते आणि देणाऱ्याचा अपमानही होत नाही.

नेत्रदान आणि देहदान

नेत्रदान मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत व्हावे लागते. नेत्रपेढीला फोन करून पथक येईपर्यंत पंखा बंद करावा, पापण्या मिटून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात आणि डोक्याखाली उशी देऊन डोके किंचित उंच करावे. पथक घरी येते, काम अर्ध्या तासाच्या आत होते आणि चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा असणे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असणे किंवा मधुमेह असणे यांमुळे नेत्रदान अडत नाही. एचआयव्ही, कावीळ-ब, रेबीज, रक्तातील जंतुसंसर्ग असे आजार असल्यास डोळे घेत नाहीत. मृताने अर्ज भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने नेत्रदान करता येते.

या प्रसंगी एक काका हमखास उभे राहतात आणि पुढच्या जन्मी आंधळेपण येईल अशी शंका काढतात. त्यांना विज्ञान समजावण्यात अर्धा तास घालवू नये, कारण घड्याळ चालू असते. एका घरी आजींनीच त्यांना उत्तर दिले होते, “या जन्मी तरी कुठे दिसत होतं त्यांना? समोरची चिल्लर म्हणून औषधाच्या गोळ्या दिल्या होत्या रिक्षावाल्याला.” संमतीपत्रावर पहिली सही आजींची झाली.

देहदान वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे करावे लागते. शवविच्छेदन झालेला देह घेतला जात नाही, काही संसर्गजन्य आजारांतही नकार मिळतो. म्हणून देहदानाची इच्छा असणाऱ्यांच्या घरच्यांनी दहनाची पर्यायी तयारीही मनात ठेवावी. आधी फोन, मग शववाहिका, हा क्रम चुकवू नये.

निरोप देणे

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा निरोप एकानेच लिहावा आणि तोच सर्वांनी पुढे पाठवावा. त्यात मृताचे संपूर्ण नाव, ज्या नावाने लोक ओळखत ते नाव, वय, घराचा पूर्ण पत्ता, घरून निघण्याची वेळ, स्मशानभूमीचे नाव आणि वहीवाल्याचा क्रमांक असावा. “अंत्यविधी सकाळी ११ वाजता” असे मोघम लिहिल्यास निम्मे लोक अकराला घरी पोहोचतात आणि निम्मे थेट स्मशानात जाऊन बसतात. निघण्याची वेळ आणि पोहोचण्याची वेळ अशा दोन्ही वेळा लिहाव्यात. आडनाव सामाईक असलेल्या मोठ्या कुटुंबात “अण्णा गेले” एवढेच लिहू नये. अण्णा नावाचे दुसरे गृहस्थ स्वतःच फोन करून चौकशी करतात आणि मग त्यांना काय सांगावे हे कोणाला सुचत नाही.

उत्तरादाखल अंगठे येतील, केकची चित्रे येतील, एखादा “अभिनंदन” लिहून पाच सेकंदांत पुसून टाकील. त्याचा राग धरू नये, त्या बिचाऱ्याचा दिवस तसाच वाईट गेलेला असतो.

वर्तमानपत्रातील निधनवार्तेत “त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे” हे वाक्य ठरलेले असते. त्यात कोणी राहिले नाही ना, हे घरातल्या दोघांकडून तपासून घ्यावे. मृत्यू विसरला जातो, पण निधनवार्तेत नाव सुटलेले आतेभाऊ ते विसरत नाहीत.

सामान आणि तिरडी

मर्तिकाच्या सामानाचे दुकान बहुतेक स्मशानभूमींच्या आसपास असते आणि दुकानदाराला नुसते “एक संच” म्हटले तरी पुरते. तरीही आणलेले सामान पाहून घ्यावे: दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, सुंभ, कडबा किंवा चटई, पांढरे कापड, मातीचे मडके, गोवऱ्या, काळे तीळ, दर्भ, कापूर, तूप, गुलाल, बुक्का, तुळस, हार. सवाष्ण गेली असेल तर हिरवी साडी, हळदकुंकू व बांगड्या लागतात. त्या घरातून घ्यायच्या की माहेरून यायच्या, हे आधी विचारावे.

तिरडी बांधण्याचे काम आता फार थोड्यांना येते, म्हणून ते नीट सांगतो. बांबू सात ते आठ फूट लांबीचे, वाळलेले आणि सरळ घ्यावेत. ते जमिनीवर समांतर ठेवून त्यांच्यात खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोडे कमी अंतर सोडावे. आडव्या कामट्या वीतभर अंतराने ठेवाव्यात, मात्र पाठीखाली आणि कमरेखाली त्या अधिक जवळ घ्याव्यात, कारण सगळा भार तिथे येतो. सुंभ आधी पाण्यात भिजवून घेतला की गाठ घट्ट बसते. प्रत्येक कामटीला दोन्ही टोकांना फुलीचा वेढा द्यावा आणि सुंभ न तोडता पुढच्या कामटीकडे न्यावा. सुटे तुकडे बांधले की वाटेत एखादा सुटतोच. बांधून झाल्यावर भार पेलतो का, हे तपासायला हवे, आणि त्यासाठी तिच्यावर आडवे व्हायला अर्थातच कोणी तयार नसते. दोघांनी समोरासमोर बसून मधोमध गुडघ्यांनी दाबून पाहावे. त्यानंतर कडबा पसरून वर कापड घालावे.

प्रत्येक वाड्यात, सोसायटीत आणि गावात तिरडीचा एक जाणकार असतो. तो स्वतः कधी गाठ मारत नाही, कमरेवर हात ठेवून “आमच्याकडे असं नसतं” एवढेच म्हणतो. दोन जाणकार एकत्र आले तर तिरडीला दुप्पट वेळ लागतो. त्यांतील एकाला हार आणायला आणि दुसऱ्याला शववाहिकेची वाट दाखवायला चौकात पाठवणे हा उपाय मी अनेकदा यशस्वीपणे वापरला आहे. दारातून निघताना पाय पुढे की डोके पुढे, विसावा कुठे घ्यायचा, मडके कोणी धरायचे, या प्रश्नांवरही दोन पक्ष पडतात. तिथे घरातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारावे आणि तिचे उत्तर अंतिम मानावे. पुरुष ठासून बोलतात, पण घराण्याची रीत तिला ठाऊक असते.

उंच इमारतीत तिरडी वर बांधू नये. ती लिफ्टमध्ये उभीही मावत नाही आणि जिन्यात वळतही नाही. पार्थिव स्ट्रेचरवरून किंवा जाड चादरीतून खाली आणावे आणि वाहनतळात तिरडी बांधावी. सोसायटीच्या सचिवांना आधी सांगून दोन गाड्या हलवून घ्याव्यात. खांदेकरी शक्यतो सारख्या उंचीचे निवडावेत. पुढे सहा फुटी पुतण्या आणि मागे पाच फुटी मेहुणे असले की तिरडी उतरणीला लागते आणि मेहुण्यांची चाल आपोआप दौडीत बदलते.

स्मशानभूमीत

निघण्यापूर्वी डॉक्टरांचे प्रमाणपत्र, मृताचे आधार कार्ड, कळवणाऱ्या नातेवाइकाचे आधार कार्ड आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स हे एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून वहीवाल्याकडे द्यावे. पुण्यात महापालिकेचा पास आधी काढून घ्यावा लागतो. काही शहरांत नोंदणी थेट स्मशानभूमीच्या कार्यालयात होते. पार्थिव निघण्याआधी एकाने दुचाकीवरून पुढे जाऊन वेळ आणि दाहिनी निश्चित करावी. वैकुंठसारख्या मोठ्या स्मशानभूमीत सकाळी रांग असू शकते.

लाकडावर दहन करायचे, की विद्युतदाहिनीत किंवा गॅसदाहिनीत, हे घरीच ठरवून निघावे. लाकडाच्या एका चितेला सुमारे ३०० किलो लाकूड लागते आणि अस्थी दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सावडता येतात. दाहिनीत दीड-दोन तासांत अस्थी हाती येतात. मुंबई महापालिका दहनासाठी लाकूड मोफत देते. कोल्हापुरात महापालिकेकडून दहन मोफत होते आणि तिथे लाकडाऐवजी प्रामुख्याने शेणी वापरतात. त्या शेणी लोक दान करतात, होळीच्या दिवसांत तर त्यासाठी मोहिमाच निघतात. माझे मत विचाराल तर पावसाळ्यात दाहिनीच बरी. ओली लाकडे पेटवताना सगळ्यांचे डोळे चुरचुरतात आणि कोण रडते आहे, कोण धुराने बेजार आहे, हे कळेनासे होते. कोकणात ज्या गावांत अजून शेड नाही, तिथे माणसे भर पावसात चितेवर पत्रे धरून उभी राहतात. त्यांनी कापूर, तूप आणि सुक्या गोवऱ्या दुप्पट न्याव्यात.

दाहिनीत काय घालू नये, हे कर्मचारी सांगतात तसे ऐकावे: अख्खा नारळ, काचेची बाटली, अत्तराचा फवारा, लायटर, मोबाइल, गादी, कृत्रिम धाग्याची शाल. प्रेमापोटी खिशात रेडिओ घालून पाठवणारी माणसे आहेत, पण त्यातले सेल आधी काढावेत.

अग्नी मुलानेच द्यावा असा कायदा नाही. मुलगी, पत्नी, सून, पुतण्या, कोणीही देऊ शकते आणि महाराष्ट्रात मुलींनी अग्नी देणे आता नवलाचे राहिलेले नाही. ज्याला किंवा जिला द्यायचा आहे त्यांना आदल्या दहा मिनिटांत क्रम समजावून सांगावा: मडके कोणत्या खांद्यावर, प्रदक्षिणा किती, मडक्याला छिद्र कोण पाडणार, मागे वळून पाहायचे नाही. गुरुजींशी दक्षिणा आधीच बोलून घ्यावी. चितेसमोर घासाघीस शोभत नाही, आणि ती नेहमी पैसेवालेच करतात.

स्मशानातल्या कर्मचाऱ्यांशी अदबीने वागावे. दिवसभर अनोळखी दुःखे पाहून त्यांची विनोदबुद्धी शाबूत असते, किंबहुना त्यामुळेच ती शाबूत असते. एकदा एका वजनदार गृहस्थांनी रांगेतला नंबर पुढे घ्यावा म्हणून कोणा पुढाऱ्याला फोन लावून तो कर्मचाऱ्याच्या कानाला दिला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि पलीकडच्याला नम्रपणे विचारले, “साहेब, नंबर नक्की कोणासाठी लावायचाय? फोन केलेले तर उभे आहेत.” फोन लगेच परत खिशात गेला. अशा माणसांना पावतीबाहेरचे पैसे हातात कोंबण्याऐवजी चहा पाजावा आणि नाव विचारावे.

परतल्यावर घरी चूल पेटत नाही, शेजारून पिठलेभात किंवा चहा येतो. चहाची जबाबदारी एकाच घराला द्यावी, नाहीतर पाच घरांतून पाच किटल्या येतात आणि जेवणाचा मात्र कोणालाच पत्ता नसतो. मधुमेह असलेल्या वृद्ध मंडळींची गोळीची वेळ वहीवाल्याने लक्षात ठेवावी.

अस्थी, दहावा आणि कावळा

अस्थी तांब्याच्या किंवा मातीच्या कलशात घालून कापड बांधावे आणि कलशावर नाव लिहिलेली चिठ्ठी लावावी. एकाच दिवशी तीन कलश एका रांगेत असतात तेव्हा चिठ्ठीचे महत्त्व कळते. विसर्जनासाठी नाशिकचे रामकुंड, आळंदी, वाई, पंढरपूर ही नेहमीची ठिकाणे आहेत. विमानाने न्यायच्या असतील तर दहनाची पावती व मृत्यूचा दाखला सोबत ठेवावा आणि कलश सामानात टाकण्याआधी विमान कंपनीचा नियम विचारून घ्यावा. झाडाच्या आळ्यात अस्थी पुरणारी कुटुंबेही वाढत आहेत. त्यासाठी जागा स्वतःची असावी, नाहीतर पुढे तिथे पार्किंग होते.

दहाव्याला घाटावर शक्य तितक्या सकाळी जावे, आणि याचे कारण धार्मिक नाही. गर्दीच्या घाटावर नऊ-साडेनऊपर्यंत कावळ्यांची पोटे भरलेली असतात आणि मग ते झाडावर बसून नुसते पाहत राहतात. पिंडाला कावळा शिवेना की नातेवाईक मृताची राहिलेली इच्छा शोधू लागतात. “आईला आम्ही सांभाळू”, “धाकट्याचं लग्न करून देऊ”, “शेत विकणार नाही” अशी वचने मोठ्याने दिली जातात. मृताने हयातीत जी कबुली वीस वर्षे मागितली ती कावळ्यासमोर पाच मिनिटांत मिळते, आणि म्हणून या विधीकडे मी फार आदराने पाहतो. पानावर जिलेबी येते, बटाटावडा येतो, कोणी तंबाखूची पुडी ठेवतो. एका घाटावर कावळ्याने पिंड सोडून शेजारच्या पानावरची भजी उचलली तेव्हा मृताची थोरली बहीण म्हणाली, “हा तोच. लग्नातही दुसऱ्याच्याच पंगतीत बसायचा.”

पुरेसा वेळ थांबूनही कावळा आला नाही, तर गुरुजी दर्भाचा कावळा करून स्पर्श करवतात आणि विधी पूर्ण होतो. लहान मुले व वृद्ध उन्हात असतील तर ही विनंती गुरुजींना करायला संकोचू नये.

शोकसभा ठेवायची असेल तर वक्ते चारच असावेत आणि प्रत्येकाला तीन मिनिटे द्यावीत. अनेक वक्ते “ते मला नेहमी म्हणायचे” अशी सुरुवात करून स्वतःचा सत्कार उरकतात. अशा वेळी समोर बसून घड्याळ दाखवणारा एक निर्भीड माणूस नेमावा. दोन मिनिटांच्या स्तब्धतेचा शेवट कोण करणार, हेही ठरवावे. न ठरवल्यास ती चाळिसाव्या सेकंदाला कोणाच्या तरी खोकल्याने संपते.

दाखला आणि पुढची कामे

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला त्या ठिकाणच्या निबंधकाकडे होते, मूळ गावी होत नाही. साताऱ्याचे गृहस्थ पुण्यात वारले तर दाखला पुण्यातच मिळतो. गावात ही नोंद ग्रामपंचायतीत होते. नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. त्यानंतर विलंब शुल्क लागते, ३० दिवसांनंतर वरिष्ठांची परवानगी लागते आणि एक वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनुसार नोंद झाल्यापासून सात दिवसांत दाखला मोफत द्यायचा असतो. नावाचे स्पेलिंग, मधले नाव आणि तारीख आधार कार्डाशी ताडून मगच अर्जावर सही करावी. दुरुस्तीचा अर्ज हे स्वतंत्र प्रकरण होऊन बसते. दाखल्याच्या किमान आठ-दहा प्रमाणित प्रती एकदमच काढून ठेवाव्यात.

मृताचे एटीएम कार्ड किंवा यूपीआय मृत्यूनंतर कोणीही वापरू नये. दहाव्याचा खर्च म्हणून काढलेली रक्कमसुद्धा पुढे वारसांच्या वादात उगाळली जाते. बँकेत दाखला, नामनिर्देशित व्यक्तीची ओळखपत्रे आणि दाव्याचा अर्ज द्यावा. त्याच वेळी पासबुकात ४३६ रुपयांची आणि २० रुपयांची वार्षिक कपात दिसते का, ते बारकाईने पाहावे. पहिली प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची असते आणि दुसरी प्रधानमंत्री सुरक्षा विम्याची. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास आणि दुसऱ्यात अपघाती मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. या कपाती अनेक घरांना ठाऊकच नसतात, म्हणून दाव्याला उशीर करू नये. निवृत्तिवेतन चालू असेल तर कार्यालयाला लगेच कळवावे. जास्तीचे जमा झालेले पैसे पुढे परत मागितले जातात.

मृताचे सिम कार्ड घाईने बंद करू नये, निदान बँक, विमा आणि गॅस जोडणीची कामे होईपर्यंत ते चालू ठेवावे, कारण पासवर्डाचे संदेश त्याच क्रमांकावर येतात. फोन घरातल्या शांत स्वभावाच्या माणसाकडे द्यावा. क्रेडिट कार्ड विकणाऱ्या मुलीने “सर आहेत का?” असे विचारल्यावर “नाहीत, वारले” म्हटले, तर ती बहुधा “मग कधी फोन करू?” असेच विचारते.

शेतजमीन असेल तर वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे (आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे) तीन महिन्यांच्या आत द्यावा. सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा व आठ-अ चे उतारे, सर्व वारसांची नावे, वये, पत्ते आणि मृताशी असलेले नाते सांगणारे प्रतिज्ञापत्र लागते. लग्न झालेल्या मुलींची नावे त्यात घालायची असतात, ती “नंतर बघू” म्हणून वगळू नयेत. फेरफार, म्हणजे उताऱ्यावरील नावांच्या बदलाची नोंद, मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून सगळी नावे वाचून पाहावीत. मग वहीवाल्याने खर्चाचा हिशेब, उरलेल्या नोटा, पावत्या आणि दाखल्याच्या शिल्लक प्रती घरच्यांच्या हवाली कराव्यात आणि हिशेबाखाली त्यांची सही घ्यावी.